मोटारींची वेळ

धुळ्याच्या प्रेमराजला संगणक दुरुस्तीचा वीस वर्षांचा अनुभव, आणि त्याहून मोठी त्याची घमेंड. सोनगीरकडच्या एका दूध सोसायटीचा जुनाट संगणक महिन्यात दुसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेसारखंच केलं. पॉवर सप्लाय काढला, तारेच्या तुकड्याने दोन टोकं जोडून पाहिली. पंखा फिरला, म्हणजे पास! मग दिवसभर संगणक चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. पावतीवर लिहून दिलं: संगणक ठीक आहे, हाताळणी चुकते.

हाताळणारी होती दिपमाला. सकाळी दूध मोजायचं, नोंदवायचं, आणि ऐन गर्दीत संगणक फट्कन बंद. रांगेतल्यांनी तिच्यावर तोंडसुख घ्यायचं. आता पावतीच हाती आल्यावर चेअरमन झुलालआबांना आणखी काय हवं? सोमवारपासून दुसरी बाई ठेवायचं त्यांनी ठरवून टाकलं. दिपमालाचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला, घर चालत होतं ते या नोकरीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

नंतर कुणी नावं ठेवायला नको म्हणून आबांनी रविवारी सकाळी प्रेमराजला गावात बोलावलं. संगणक ठीक आहे असं चार माणसांदेखत सांगून जा म्हणाले. गडी खुशीत गेला.

सव्वासातला शेतीची लाईट आली. इकडे विहिरीवरच्या प्रत्येक मोटारीला ऑटो बसवलेला असतो, शेतकऱ्याला मळ्यात जाऊन बटण दाबावं लागत नाही. लाईट आली की शिवारातल्या झाडून साऱ्या मोटारी एकदम उठतात आणि विजेचा दाब खाली ओढतात. सोसायटीचा दिवा पिवळा पडला आणि संगणक गेला. दिपमाला तेव्हा चार हात लांब दूध मोजत होती.

प्रेमराजने मीटर लावला. एकशे पासष्ट व्होल्ट! दुकानात तर स्टॅबिलायझर. तिथे बारा महिने तेरा काळ दोनशे तीस. नुसता पंखा फिरवायला काय लागतं? उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या लेकाने.

त्याने पॉवर सप्लाय उघडला. आतले कपॅसिटर पुऱ्यांसारखे फुगलेले. असला म्हातारा सप्लाय कमी दाबात तग धरतोय कसला? पिशवीतला नवा सप्लाय जोडून बटण दाबलं. दिवा पिवळाच होता, शिवारात मोटारी चालूच होत्या, तरी संगणक सुरू झाला आणि सुरूच राहिला.

सगळा बिघाड या पोरीचाच म्हणत आबा अजून आपलंच घोडं पुढे दामटत होते. "मशीन चांगलं शे. पोरच बठ्ठं बिघाडस."

प्रेमराजला वाटलं, नवा सप्लाय टाकला एवढं सांगून सटकावं. कोण विचारणार होतं? पण दिपमाला रांगेकडे पाठ करून उभी होती, आणि तिची मान खाली होती.

"आबा, बिघाड मशीनमध्येच होता," तो रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला. "बाईंची काही चूक नाही. तपासण्यात मी चुकलो, दोन्ही वेळा."

आबांनी दुधाच्या कॅनचं झाकण लावलं. मग पुटपुटले, ऱ्हाऊ द्या मग तिलेच.

प्रेमराजला हलकं वाटलं. आता ही आभार मानेल, असंही वाटून गेलं. दिपमालाने मान वर केली.

"भाऊ, पहिल्या दिवशीच मी तुम्हाला फोन केला होता. मोटारी सुरू झाल्या की बंद पडतो म्हणून सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

आणि तिने रांगेतल्या पुढच्या माणसाचं दूध मोजायला घेतलं.