दहापैकी किती

काकूंचा उजवा खांदा चार महिने दुखत होता आणि काकांनी सेवेत तसूभरही कसर ठेवली नव्हती. काकांनी तीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. ठरल्या वेळी दाब बघायचा, वहीत टिपायचा, हे हाडीमाशी खिळलेलं. म्हणून ते रात्री दर दोन तासांनी गजर लावून उठत, काकूंना हलवत आणि विचारत, "दहापैकी किती दुखतंय?" महिन्याभरात आकडा चारावरून आठावर गेला. तेव्हा काकांनी तपासणी दर तासाला केली.

काकूंचं शिवणाचं दुकान बंदच होतं. या महिन्यात हात वर गेला नाही, तर ते दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काकांची दुखण्याच्या आकड्यांची वही शांतपणे चाळली.

"काकू झोपतात कधी?"

"मधे मधे," काका म्हणाले. "मी लक्ष ठेवून असतो."

"दिसतंय. काका, गाढ झोपेत मेंदू दुखण्याचे बरेचसे निरोप दाराबाहेरच थांबवतो. ती झोप सारखी मोडली, की दिवसा तोच निरोप दुप्पट आवाजात पोचतो. गाढ झोप लागायलाही वेळ लागतो. तुम्ही नेमके तेव्हाच दार ठोठावताय."

"मी कधीची सांगतेय, मला झोपू द्या," काकू म्हणाल्या.

"मला वाटलं, दुखण्याच्या भरात बोलतेस."

औषध तेच राहिलं, व्यायामही तोच. फक्त काकांची उशी बाहेरच्या खोलीत जायची ठरली.

"आणि दुखणं वाढलं तर?" काकांनी निघताना विचारलं.

"त्या हाक मारतील. तोंड नाही ना दुखत त्यांचं?"

"तेवढंच धड आहे," काकू म्हणाल्या.

पहिला आठवडा काकांना फार जड गेला. काकू मात्र सकाळी आठपर्यंत घोरत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात काका दूध घेऊन आले, तर काकू टेबलावर कापड बेतत होत्या. हात खांद्याच्या वर जात नव्हता, पण कात्री सरळ चालत होती. काकांच्या ओठांवर प्रश्न आला. त्यांनी तो गिळला.

"दुकान बघायला आज माणसं येणार आहेत ना?" मान वर न करता काकूंनी विचारलं.

"अकराला."

"त्यांना म्हणावं, येताना मापाचे कपडे घेऊन या. शिवून देईन."