मागे बघायचं नाही

मुलांनी तिचं नाव घार ठेवलं होतं. ते तिला ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, मनातून आवडतही होतं. विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या बाईला कुणी प्रेमाने हाक मारत नाही. निदान घाबरून तरी मारावी. परीक्षा घरोघरच्या लॅपटॉपवर सुरू झाल्या तेव्हा तर घारीला नवं आभाळच मिळालं. घरच्या टेबलाशी बसायचं, स्क्रीनवर डझनभर चौकटी, त्यांत डझनभर चेहरे. कुणाची बुबुळं जरा तिरकी झाली की झडप.

मुलांचे स्पीकर बंद, फोन दुसऱ्या खोलीत, जवळ दुसरं माणूस नाही, असे नियम. मुलांच्या खोलीतला आवाज तिला ऐकू येई, पण तिला बोलता येत नसे. ती फक्त सूचना पाठवू शकत होती. चेहरा चौकटीत ठेवा. स्क्रीनकडे पाहा. आणि कोपऱ्यात एक लाल बटण होतं, पेपर रद्द करण्याचं.

ते बटण तिने मागच्या परीक्षेत एका मुलीवर दाबलं होतं. मुलगी मागे वळून कुणाशी तरी बोलली होती. चौकशी समितीपुढे कळलं, की बापाने आतून हाक मारली होती. बाप निवृत्त बसड्रायव्हर, घरात दोघंच. चौकशीच्या वेळी तोही कॅमेऱ्यासमोर येऊन बसला. "पोरीचा दोष नाही मॅडम. औषधाची डबी सापडेना, म्हणून मी हाक मारली. आता मेलो तरी मारणार नाही." समितीतले लोक हसले. शेवटची एक संधी दिली आणि बजावलं, आता पेपर रद्द झाला तर पदवी विसरायची.

आज ती शेवटची संधी होती, आणि मुलगी मान खाली घालून भराभरा लिहीत होती. कानामागे पेन्सिल, खालचा ओठ दातांत. पाठीमागे कपाट, एक वेताची खुर्ची आणि उघडं दार. घारीची नजर सवयीने पुन्हा पुन्हा त्याच चौकटीकडे जात होती. पोरीचा पेपर नीट पार पडावा असं तिलाही वाटत होतं. फक्त ते तिने कुणाला कबूल केलं नसतं.

दारात बाप दिसला. अनवाणी, भिंत धरून, चोरासारखा. घारीची भुवई चढली. खोलीत दुसरं माणूस! बोट सूचनेकडे गेलंच होतं, इतक्यात तिला त्याचा चेहरा दिसला. पांढराफटक, घामाने डबडबलेला. एक हात छातीवर आवळून धरलेला. तो कसाबसा वेताच्या खुर्चीपर्यंत आला आणि आवाज होऊ नये म्हणून टेकत टेकत बसला. मुलीला पत्ताही नव्हता.

मग त्याने सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. बाई तिथे आहे हे त्याला माहीत होतं. आधी ओठांवर बोट ठेवलं. मग हात बाजूला काढून पंजा हलवला, बसच्या खिडकीतून मागच्या गाडीला करतात तसा. जा पुढे, थांबू नका. आणि खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडात कोंबून त्याने दात आवळले.

घारीने परीक्षा कार्यालयाला फोन लावला.

"पत्ता असा फोनवर देता येत नाही मॅडम," तिथला कारकून म्हणाला. "मेल टाका. साहेबांची सही लागते."

"अहो, माणूस मरतोय तिथे!"

"कोण, विद्यार्थी?"

"विद्यार्थिनीचे वडील!"

"मग ते आपल्याकडे येत नाही."

फोन आपटून तिने सूचनेच्या खिडकीत स्वतःच्या हाताने लिहिलं. मागे बघ. वडिलांना बरं नाही.

मुलीने वाचलं. तिचे खांदे ताठ झाले, पण मान हलली नाही. घारीला लगेच उमगलं. पोरापोरांत एक अफवा होती, की घार मुद्दाम काहीबाही पाठवते. जो फसून वळला तो मेला. ती अफवा घारीच्याही कानावर आली होती. तिने ती खोडली नव्हती. धाक राहतो, म्हणून राहू दिली होती.

तिने पुन्हा लिहिलं. खरं सांगतेय, मागे बघ.

"नाही बघणार मॅडम," मुलगी स्क्रीनकडे बघतच पुटपुटली. "या वेळी नाही."

मागे खुर्चीत बापाची मान कलली. टॉवेल तोंडातून सुटून मांडीवर पडला, तरी त्याने आवाज काढला नाही. अर्ध्याहून जास्त पेपर लिहून झाला होता पोरीचा, आणि चांगला लिहिला होता. एकदा रद्द झाला की पेपर पुन्हा उघडत नाही. घारीने लाल बटण दाबलं.

पेपर मिटला आणि मुलीचा स्पीकर सुरू झाला, कारण रद्द झालेल्याला बाजू मांडता यावी असाही एक नियम होता.

"मॅडम!" मुलगी किंचाळली. दोन्ही हात जोडून कॅमेऱ्याला चिकटली. "मी मागे बघितलं नाही हो! एकदाही नाही! रेकॉर्डिंग बघा हवं तर!"

"म्हणूनच रद्द केला!" घार ओरडली. "आता तरी बघ ना गं! बाळा, मागे बघ!"

मुलगी वळली. "बाबा!" टेबल हललं, लॅपटॉप उताणा पडला, आणि चौकटीत नुसतं छत उरलं. घार त्या छताशी बोलत राहिली. फोन आण. अँब्युलन्स बोलाव. दार उघडं ठेव. उरलेल्या चौकटींत त्या दिवशी कुणी कॉपी केली असेल तर त्याचं नशीब. घारीचं तिकडे लक्ष नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज खोल गेलेला, पण तक्रारीचा.

"मॅडम, मी तुम्हाला हात केला होता. पुढे जा म्हणून."

घारीचे डोळे भरून आले. "बघितला होता," ती म्हणाली.

"मग? पोरीचं वर्ष घालवलंत की."

"नाही घालवलं. निरीक्षकाची चूक असली तर पेपर पुन्हा घ्यावा लागतो. माझी चूक झाली असं मी लिहून दिलंय."

"खोटं लिहिलंत? माझ्यासाठी?"

"खोटं कसलं," घार म्हणाली. तिला ती अफवा आठवली. "आता माझं ऐका. पुढच्या पेपरला मी नसेन, काढलंय मला त्या कामावरून. जे कोणी असेल ते असो. दुखलं, खुपलं, डबी नाही सापडली, तरी हाक मारायची. मोठ्यांदा मारायची."

मग फोनपासून तोंड बाजूला करून त्याने पोरीला हाक मारली.