सुईणबाईला सांगितलेलं

सफरचंदं आवळ्याएवढी झाली की त्यांना कागदी पिशव्या चढवायची घाई सुटते. ताकेबाई शिडीवर चढली होती आणि खालून तिची सून चिसातो पिशव्यांचे गठ्ठे वर देत होती. सुनेचा हात जरा रेंगाळला तशी सासू वरूनच म्हणाली, "बरं झालं, पोर घरात निजलीया. हातात असती तर तिलाबी टाकली असतीस. तसंच वाटतंय न्हवं तुला?"

चिसातोच्या हातातला गठ्ठा ओल्या गवतात पडला.

ही गोष्ट तिनं एकाच बाईला सांगितली होती.

साथीचं वर्ष होतं. चिसातोची आई समुद्रापल्याड होक्काइदोला अडकलेली. सुईणींचं घरोघर जाणंही बंद झालेलं. म्हणून शहरातली नारुमीबाई दर आठवड्याला मोबाईलच्या पडद्यावर यायची. अंगावर कसं पाजायचं, छातीत दुधाची गाठ आली तर काय करायचं, सगळं तिनं तिथूनच शिकवलं. माणूस गोड. बोलता बोलता चिसातो तिच्यापाशी मोकळी झाली, आणि एकदा रडत म्हणाली, "पोर रडाय लागली की हातातनं टाकून देईन असं भ्या वाटतं."

नारुमीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "आपल्या दोघींतच राहील हे," म्हणाली.

सासूला हे कळलं कसं, असं दुपारी भात वाढताना चिसातोनं नवऱ्याला, तोकुजीला विचारलं. सुईणबाईला काळजी वाटली, तिनं त्याला फोन करून लक्ष ठेवायला सांगितलं, आणि त्यानं ते आईच्या कानावर घातलं, एवढं त्याच्या तोंडून निघालं.

मग तिला एकेक उमगत गेलं. "तू नीज गं, दमलीस," म्हणत सासू रोज रात्री तान्ह्या सुझूला आपल्या अंथरुणात न्यायची. चिसातोला वाटायचं, किती माया करते. दूध दाटून छाती ठणकायची तरी ती गप पडून राहायची.

"मला इचारलं का न्हाई?" ती नवऱ्याला म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच की."

त्या संध्याकाळी तिनं सासूच्या खोलीतून पोरीची दुलई उचलली.

"सुझू माझ्यापाशी निजंल, आत्याबाई."

"आन् काय झालं म्हंजे?"

"दार उघडं ठिवते. तुमी हायसाच की शेजारी."

ताकेबाई दारातून बाजूला सरली.

पुढच्या खेपेला नारुमीबाई पडद्यावर आली. फोन केल्याचा विषय तिनं काढला नाही. मन कसं आहे, एवढंच विचारलं.

"झ्याक हाय," चिसातो म्हणाली. "आता कसलंच भ्या वाटत न्हाई."

नारुमीबाईचा चेहरा खुलला. "बघ, बोललं की मन हलकं होतं."

चिसातोनं रीतीप्रमाणे वाकून आभार मानले. पडदा काळा झाला तशी मांडीवरची सुझू रडायला लागली. नेहमीची भीती परत आली. चिसातोनं पोरीला छातीशी घट्ट धरलं, आणि ती रडायची थांबेपर्यंत सोडलं नाही.