साहेबांचा श्वास

सकाळी निघायच्या आधी बाळाचा श्वास मी तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. नाक चोंदलेलं, घशात जराशी घरघर, ताप मात्र नाही. तिसऱ्यांदा मोजत होते तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला, तर मला वाटलं धाप लागून तोंड उघडं पडलंय.

"तू मोजायला बसलीस की त्याचा वेग वाढतो," नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"मी तीन पोरं वाढवली," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या छातीकडे बघत बसले असते तर भाकरी कुणी थापल्या असत्या? जा गं तू. मधल्या सुट्टीत आणते गुंड्याला पाजायला, रोजच्यासारखी."

गेले. मी नर्सिंगच्या कॉलेजात शिकवते, आणि शिकवते काय, तर लहान मुलांची शुश्रूषा. लोकांच्या लेकींना श्वास कसा मोजावा ते दाखवायचं, आणि घरी स्वतःच्या लेकराचा मोजताना आकडा तोंडातच अडकायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या दिवशी तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक काम, घंटा झाली की मुलींनी पुढच्या टेबलावर सरकायचं. माझ्या टेबलावर रबरी बाळ. मुली त्याला 'साहेब' म्हणतात. दिवसभर लोळतो, काही करत नाही आणि सगळ्या त्याच्यासमोर अदबीनं उभ्या. काम सोपं: आठ महिन्यांचं बाळ आहे असं धरून श्वास मोजा, ठीक आहे की नाही ते सांगा. माझ्या शेजारी दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक. सगळे त्यांना बाहेरच्या बाई म्हणत. फोन बंद करून दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा नियम होता. माझे डोळे सारखे त्या टोपलीकडे.

पहिली आली भिंगरी. वर्गात तिचा हात सगळ्यात आधी वर, म्हणून मुलींनी ठेवलेलं हे नाव.

"मी हात धुतले," ती नळाकडे न बघताच म्हणाली. आमच्या परीक्षेत हे चालतं. नळ एक, मुली पन्नास. म्हटलं की धुतले. मग तिनं साहेबांचं पांघरूण काढलं, घड्याळाकडे बघितलं आणि घडाघडा बोलली, "मिनिटाला बत्तीस, लय नियमित, नॉर्मल."

पूर्ण गुण. पुढची आली. बत्तीस. तिच्यानंतरची, तीही बत्तीस.

"साहेबांची तब्येत ठणठणीत आहे हो तुमच्या," बाहेरच्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मी हसले, आणि हसता हसता आठवलं. गेल्या महिन्यात याच टेबलापाशी उभी राहून मीच म्हटलं होतं, "समजा, बत्तीस भरले." वर्गानं 'समजा' सोडून दिलं आणि बत्तीस तेवढं जपून ठेवलं. म्हणजे सकाळपासून मी तपासत होते ते त्यांचं शिकणं नव्हतंच. माझंच बोलणं मला परत ऐकू येत होतं आणि मी त्याला गुण देत होते. उद्या याच मुली कुणाच्या तरी तान्ह्यापाशी उभ्या राहणार. कदाचित माझ्याही.

एवढ्यात गोगलगाय टेबलाशी आली.

हे नाव तिला वर्गानं दिलेलं. सगळं सावकाश करते, म्हणून याच परीक्षेत एकदा नापास झालेली. या वेळी गेली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की तिचे वडील नाव काढून घेणार. ते स्वतः येऊन ऑफिसात सांगून गेले होते.

ती सरळ नळाशी गेली आणि खरोखर हात धुतले. पुसले. तळवे एकमेकांवर घासून गरम केले. मग साहेबांची छाती उघडी करून बघत उभी राहिली. मिनिट सरलं. तिच्या कपाळावर घाम.

"किती?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही, मॅडम."

"का बरं?"

"छाती हलत नाहीये."

"बाहुलीची छाती हलेल कशी?"

"मग मी मोजू काय?"

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचा आवाज मऊ झाला. "अगं, धरून चालायचं. बाकीच्यांनी सांगितलंच ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेनाच्या टोपणाकडे. मदत करायची नसते.

"धरून कसा सांगू, मॅडम? खऱ्या बाळाची छाती अशी असती तर मी आकडा सांगत उभी राहिले असते का? बोंब ठोकली असती."

घंटा झाली.

"आकडा नाही, तर गुण नाहीत," बाई म्हणाल्या.

"पण बाई," मी म्हटलं, "पूर्ण मिनिट बघितलं ते हिनं एकटीनंच. हात धुतले तेही."

"मान्य. पण हिला मोजता येतं, हे तुम्हाला कुठं दिसलं? न येणारीसुद्धा असंच म्हणू शकते. मला दाखवा, मी देते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि तेच मला बोचत होतं.

मधली सुट्टी झाली. दारात सासूबाई, कडेवर गुंड्या, त्याच्या नाकाला शेंबूड आणि त्यानं भोकाड पसरलेलं. मी धावले. पहिल्यांदा छातीच बघितली.

"घे, पाज. सकाळपासून आईची आठवण काढतोय. आणि डोळे नको वटारूस, खेळत होता चांगला."

बाहेरच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "किती महिन्यांचा?"

"आठ."

त्यांनी आधी साहेबांकडे बघितलं, मग गुंड्याकडे, आणि मला कळलं. माझं बाळ, आजारी, आणि मुलींच्या हाती? नको, असं जिभेवर आलं. कॉरिडॉरमध्ये गोगलगाय भिंतीला पाठ लावून बसली होती, डबा न उघडता.

"बोलवा तिला," मी म्हटलं. "भिंगरीलाही बोलवा."

"परीक्षा कुणाची गं?" सासूबाई. "पोरींची की माझ्या नातवाची?"

"माझी, आई."

भिंगरी आली. या वेळी हात धुतले, कारण सासूबाई बघत होत्या. गुंड्या रडून लालबुंद. भिंगरीनं घड्याळ बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडातून सुटलंच, "मिनिटाला बत्तीस, लय..."

तिचं तिलाच कळलं. खाली मान घालून बाजूला झाली.

"हा बत्तीस?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, भाता आहे सध्या तो."

गोगलगायीनं हात धुतले, चोळले. बाळाला हात लावला नाही. "रडतोय तोवर मोजून उपयोग नाही. मॅडम, तुम्ही पाजून घ्या त्याला. मी थांबते."

मी पडद्याआड बसून पाजलं. नाक चोंदलेलं, मधेमधे सोडून श्वास घ्यायचा, पण प्यायला. मांडीवर सुस्तावला तेव्हा ती समोर गुडघ्यांवर बसली. "झबलं जरा वर घेते." आणि बघत राहिली.

ते मिनिट संपेना. तिचे ओठ हलत होते. मीही मोजत होते, माझा आकडा केव्हाच पुढे पळून हरवला.

"बेचाळीस," ती म्हणाली. मग, "थांबा, मधे त्याला उचकी आली. पुन्हा मोजते."

बाहेरच्या बाई पुढे झुकल्या. त्या आपल्या घड्याळावर मोजत होत्या.

"चाळीस. या वयाला ठीक आहे. बरगड्या आत ओढत नाहीये. नाक चोंदलंय, ते साफ करायला हवं." मग हळूच, "आणि मॅडम, तुम्हीही श्वास घ्या. मघापासून धरून बसलाय."

"माझेही चाळीस," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन उघडलं. "हिचं झालं. हिला पूर्ण गुण."

गोगलगाय उठली नाही. गुडघ्यांवरच बसून तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि बाकीच्या?" मी विचारलं.

"बाकीच्यांचे तुम्हीच सांगा."

मी गुंड्याला सासूबाईंकडे दिलं आणि बाहेर गेले. मुली डबे संपवून घोळक्यानं उभ्या होत्या.

"माझ्या टेबलावरचे तुम्हा सगळ्यांचे गुण रद्द," मी म्हटलं. "उद्या सकाळी मुलांच्या वॉर्डात, खऱ्या बाळांवर, एकेक."

गलका झाला. "मॅडम, हा अन्याय आहे!" भिंगरी सगळ्यात पुढे, डोळे भरलेले. "तुम्हीच सांगितलं होतं बत्तीस!"

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं."

संध्याकाळी घरी गुंड्या झोपला होता. मी पाळण्याशी उभी राहून मोजायला लागले. अकरापर्यंत आले आणि वॉर्डात उद्या रडणारी बाळं किती असतील, कुणाच्या आया काय म्हणतील, ते डोक्यात शिरलं. आकडा सुटला. घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट बघत पुन्हा उभी राहिले.

"बस झालं आता," नवरा म्हणाला.

"एकच मिनिट," मी म्हटलं. "मधे बोलू नकोस."