मुक्याचं फाटक

तलावाला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर एक जुनं लाकडी फाटक होतं. त्यातून एका वेळी एकच माणूस जाई. पुढं गेलेल्यानं ते अडवून धरायचं आणि मागच्याकडून मुका वसूल केल्याशिवाय सोडायचं नाही, अशी यॉर्कशरातली रीत. सोमवारी ते काढून तिथं चाकाच्या खुर्च्या जातील असं रुंद फाटक बसणार होतं. गोष्ट चांगलीच होती, पण मेव्हिसला जुनं फाटक जायला नको होतं.

कारण क्लिफर्ड. दर गुरुवारी फिरायला येणाऱ्या मंडळींतला हा विधुर. तीन वर्षं मेव्हिस फाटकातून पुढं जाई आणि हा सभ्यपणाचा पुतळा मागं उभा राहून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत साऱ्या जगाला वाट देई. पोरं, कुत्री, पक्षी बघायला आलेले पाहुणे. एकदा तर एका मेंढीलाही.

"अगं, तू विधवा आहेस, संग्रहालय नाहीस," मैत्रीण ग्लॅडिस वाटेत म्हणाली. "लांबून बघून जातोय नुसता! आज शेवटचा गुरुवार, काहीतरी कर बाई."

मेव्हिसनं ठरवलं, आज आपण आधी हलायचं नाही.

"आधी तुम्ही," फाटकाशी क्लिफर्ड म्हणाला.

"छे, आज आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्हीच."

मागं रांग लागली. रांगेतल्या एकानं थर्मास उघडून चहा ओतून घेतला. शेवटी ग्लॅडिसनंच सगळ्यांना पलीकडं हाकललं. "चला, चला! ही दोघं इथंच मुक्काम ठोकणार आहेत."

दोघंच उरली, तशी मेव्हिस चटकन पलीकडं गेली आणि तिनं फाटक अडवलं.

"अख्ख्या गावाला वाट देता. तुम्ही स्वतः कधी येणार?"

क्लिफर्ड कानापर्यंत लाल झाला. "सगळ्यांना पुढं काढत होतो ते त्यासाठीच. मागं कुणी बघायला नसावं म्हणून. पण माझी पाळी येईतो तुम्ही पार वळणापलीकडं गेलेल्या असायच्या. एकदाही थांबला नाहीत."

खरंच होतं ते. मनातलं कुणाला कळू नये म्हणून तीन वर्षं तीच भरभर पळत होती. तिला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

"आता थांबलेय ना," ती म्हणाली.