पडद्यामागची ताई

मित्रांनो, मी विमानातला एक जुना पडदा आहे. प्रवाशांच्या खुर्च्या आणि जेवण गरम करायची चिंचोळी जागा यांच्या मध्ये मी लटकतो. नवा होतो तेव्हा माझ्या निळ्या रंगाचे कौतुक व्हायचे. पुढे धुऊन धुऊन विटलो, कॉफीचे डाग अंगावर राहिले, पण कोणाला त्याचे काय!

माझ्या एका बाजूला हसू असे, दुसऱ्या बाजूला सुजलेले पाय. हवाईसुंदरी आत येत, बूट काढत, उभ्याउभ्याच चार घास पोटात ढकलत.

त्यांतल्या सर्वांत जुनीला सगळ्या ताई म्हणत. एके दिवशी ती सर्दीने बेजार होती. सर्दी असली की विमान उतरताना कान ठणकतात.

"ताई, अशा अवस्थेत कशाला आलीस गं?" नव्यानेच लागलेली धाकटी कळवळली.

"आईच्या आजारपणात सगळी रजा संपली. आणखी मागितली तर कायमची घरी बसवतील."

ताईने नाक पुसले, ओठांवर लाली फिरवली आणि मला सारून हसत बाहेर गेली.

विमान उतरू लागले तशी ती कान दाबून आत आली. माझीच कड दातांत धरून तिने किंकाळी गिळली. बोटांना रक्त लागले होते. पण प्रवाशांचे पट्टे तपासायचे होते. ती पुन्हा बाहेर गेली.

एक गृहस्थ मागून हाका मारत होते. शेवटी ओरडले, "अहो बाई, बहिऱ्या आहात का?"

ताईने वळूनही पाहिले नाही. धाकटीला राहवले नाही. "साहेब, त्यांच्या कानातून रक्त येतंय."

गृहस्थांनी मान खाली घातली. धाकटीने ताईला धरून खुर्चीत बसवले, पट्टा बांधला आणि वैमानिकाला सांगून खाली डॉक्टर बोलावून ठेवला.

ताई पुन्हा कधी उडाली नाही. ती आता विमानतळावर सामान तपासते. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. आजारी आईला तिच्या उजव्या बाजूला येऊन हाक मारावी लागते, असे धाकटी डोळे पुसत सांगत होती.

मित्रांनो, मी फाटलो तर मला शिवता येईल, नाहीतर नवा पडदा येईल. माणसाचे तसे नसते. कोणी तुमची हाक ऐकली नाही, तर आवाज चढवण्याआधी जरा त्याच्या जवळ जा. विचारा, "बरं आहे ना तुम्हाला?"