दीड पानाची केस

समाजकार्य शिकवणारी आमच्या भागातली ही पहिली संस्था. दोन खोल्या आणि अकरा विद्यार्थी होते, तेव्हा त्यांतलीच एक पोरगी वही घेऊन माझ्या घरी आली. नवऱ्याची मारझोड तिनं दीड पानात लिहून घेतली. "मावशी, काहीतरी करू आपण," म्हणाली. झालं काय, तर मला इथं झाडलोटीचं काम मिळालं. नवरा तोच राहिला.

आता चार मजले झालेत, लिफ्ट आली, ती पोरगी संचालक झाली. माझं दीड पान मात्र दरवर्षी वर्गात वाचतात, नाव बदलून. आज वर्गात पाणी सांडलं म्हणून मला पुसायला बोलावलं, तर तेच चाललेलं.

"त्या बाईनं घर सोडायलाच हवं होतं," एक मुलगी तावातावानं म्हणाली. सोडून जायचं कुठं, ते कुणी सांगेना. डोकंच फिरलं माझं.

शेवटी एका मुलानं विचारलं, "सर, पुढं काय झालं तिचं?"

सरांनी पान उलटून पाहिलं. "तशी नोंद नाही."

सुजलेल्या मनगटावर बाही ओढत मी त्या मुलाला म्हटलं, "दादा, पाय जरा वर घ्या."